हात कधी सोडायचा

माझा धंदा काय होता असं कुणी विचारलं, की मी सांगतो, लोकांचे हात धरून उभं राह्यचं. ऐकणाऱ्याला वाटतं गडी मजाक करून राह्यला. पण बिलकुल खरं आहे. टीव्हीवर जी कबड्डी दाखवतात, रंगीत लाइटा, डीजे, धूर सोडणाऱ्या मशिनी, त्या मोठ्या लीगमध्ये मी काही वर्षं कव्हर म्हणून खेळलो. आता गुडघा साथ देत न्हाई म्हणून खेळणं सुटलं. संपादकसाहेब म्हणाले, तुम्ही बोलता तसंच लिहा, आम्ही भाषेला हात लावणार न्हाई. मंग ही भाषा वाटूरकडची, म्हणजे आमच्या गावाकडची आहे, सांभाळून घ्या.

कव्हर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या वाडीतल्या लोकांना अजून समजलेलं न्हाई. एका बाजूला सात गडी. समोरून एक जण ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत चढाईला येतो अन् कुणाला तरी शिवून परत पळायचं बघतो. दोन्ही टोकांना उभे असतात ते कोपरे. कोपऱ्यानं येणाऱ्याचा घोटा धरायचा. मधे उभे असतात ते कव्हर. कोपऱ्यानं घोटा धरला की कव्हरनं त्याच क्षणी गड्याच्या अंगावर जायचं, कारण घोट्याला लोंबकळलेल्या माणसाला चांगला चढाईवाला ओढत ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कोपऱ्याचा येतो. कव्हर त्या फोटोत कुठंतरी खाली, तोंड मॅटला लागलेलं, असा असतो. माझ्या आईनं पूर्ण सीझन टीव्ही बघितला अन् शेवटी म्हणाली, “तुझे पाय दिसले रे दोन-तीनदा.”

अन् आम्ही सगळे शेजाऱ्याचा हात धरून उभे असतो. हात धरला की पुढं-मागं एका चालीनं सरकता येतं, एकटा कुणी पुढं राहत न्हाई. पण गड्याला धरायचं म्हटलं की शेजाऱ्याचा हात सोडावा लागतो. तो कधी सोडायचा, एवढीच या कामातली अक्कल. बाकीचं सगळं जिममध्ये मिळतं.

आमचं घर धनगराचं. अप्पांची मेंढरं आहेत, पहिल्यापेक्षा कमी झालीत पण आहेत. लहानपणी मी त्यांच्या मागं फिरलो, थोडा मोठा झालो तसा परतूरला जिनिंगवर लागलो. कापसाच्या गाठी ढकलून मांड्या अन् खांदे असे भरले, की कबड्डीच्या मैदानावर समोरचे गडी पहिल्यांदा माझ्याकडंच बघायचे. दिवसा जिनिंग, संध्याकाळी बाजारतळामागचं मैदान. मुरूम टाकून, पाणी मारून आम्हीच केलेलं. तिथून तालुका, जिल्हा, मंग कुठल्या तरी स्पर्धेत लीगवाल्यांच्या माणसानं बघितलं अन् एक दिवस बोलावणं आलं. अप्पांना सांगायला गेल्तो तेव्हा ते मेंढराच्या खुरातला काटा काढत होते.

“काय काम असतंय तुला तिथं?” त्यांनी विचारलं.

“धरायचं काम, अप्पा. माणूस येतो समोरून, त्याला धरायचं.”

“मंग धरायला हितं मेंढरं काय कमी हायेत?”

आई म्हणाली, “जाऊ द्या की लेकराला,” अन् अप्पांनी काटा काढून मेंढरू सोडलं, हात झटकले, म्हणाले, “जा. पर नीट कर.”

पहिला अर्धा सीझन मी बसून काढला. बसायचं म्हणजे तेही कामच असतं हो. अंग गरम ठेवायचं, टॉवेल द्यायचा, बाटल्या भरायच्या, टाळ्या वाजवायच्या. बूट घालून खेळायची सवय नव्हती, टाचांना फोड आले ते निराळंच. माझ्या जागेवर खेळायचा बलजीतभाई. हरियाणाचा, वयानं मोठा, डाव्या कव्हरला उभा राह्यचा अन् सगळ्या बचावाचा कारभार त्याच्याकडं. कोण कुठं सरकणार, कधी धरायचं, कधी सोडून द्यायचं, सगळं तो ठरवायचा. तोंडानं न्हाई. तिथं डीजेत तोंडाचा काही उपयोगच नसतो. हातानं. त्याच्या एका बाजूचा हात सोमबीरकडं असायचा. हा सोमबीर आमचा डावा कोपरा, हरियाणाचाच, माझ्याच वयाचा. पंजे असे, की घोटा हातात आला तर सुटायचं नाव न्हाई. पण डोक्यानं तापट. समोरच्यानं नुसता पाय हलवला की हा निघाला. बलजीतभाईनं हात दाबून धरलेला असायचा म्हणून तो जाग्यावर राह्यचा.

मंग एका सामन्यात बलजीतभाईचा गुडघा गेला. आवाज बाकावर आम्हाला आला. त्याला उचलून नेलं अन् कोचसाहेब माझ्याकडं वळले. फौजेतून रिटायर झालेला माणूस, कमी बोलायचे.

“तू जाएगा. और बलजीत का सारा काम तेरा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “सारा?”

“बीच में जो खड़ा है वही चलाएगा. सोमबीर के हाथ में दिया तो दस मिनट में सब बाहर बैठे मिलेंगे.” मंग म्हणाले, “दूसरा कव्हर बुलाया है, कैंप से आ रहा है. वो आने तक तू.”

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. दुसरा येईपर्यंत मी. तो आला अन् मी काही करून दाखवलेलं नसलं, तर परत बाकावर. अन् पहिल्याच सीझनला बाकावर बसून घरी गेलेल्याला पुढच्या साली कुणी विचारत न्हाई. म्हणजे परत जिनिंग. जिनिंग काही वाईट न्हाई, मी आजही त्या लोकांत बसतो उठतो. पण मला जायचं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, इथून मला हालवायचं असेल तर उचलूनच न्यावं लागेल.

ठरवणं सोपं असतं. पहिला पूर्ण सामना माझ्या ताब्यात आला अन् मी त्याचा पार चुथडा केला.

काय झालं, सांगतो. गावाकडं मी कानानं खेळायचो. हसू नका. आमच्या मैदानावर माणसं ओरडतात, पण गडी चढाईला आला की जवळ उभं राहणाऱ्याला त्याचा दम स्पष्ट ऐकू येतो. ‘कबड्डी कबड्डी’चा आवाज सुरुवातीला भरीव असतो. उडी मारायच्या किंवा लाथ घालायच्या आधी तो एकदम बारीक होतो, कारण अंगातली ताकद तो दुसरीकडं गोळा करत असतो. तो बारीक झाला की थांबायचं. लाथ घालून झाली की आवाज फाटतो, पाय जड पडतात, तेव्हा धरायचं. मला वाटायचं जगात सगळेच असं खेळतात. लीगमध्ये उभा राह्यलो अन् कानात नुसता डीजे. निवेदक बोंबलतोय, पब्लिक बोंबलतंय, समोरच्याचे ओठ हलताहेत अन् आवाजच न्हाई. मी बहिऱ्यासारखा उभा. अन् ज्याला ऐकू येत न्हाई तो घाई करतो. गडी आत आला की मी सोमबीरचा हात सोडायचो, सोमबीर तर वाटच बघत असायचा, दोघं एकदम जायचो अन् दोघं एकदम बाद. बघता बघता आमच्यावर लोण चढला, म्हणजे सगळेच्या सगळे बाद. मंग दुसरा लोण.

सामना संपल्यावर कोचसाहेबांनी मला बाजूला घेतलं. “जल्दी किस बात की थी?”

मी खरं ते सांगितलं, “सर, सुनाई नहीं देता.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही भयंकर आजार लपवला होता. “पहले क्यों नहीं बताया?” अन् दुसऱ्या दिवशी सकाळी टीमच्या गाडीतून माझी रवानगी कानाच्या डॉक्टरकडं. मी रस्ताभर समजावून राह्यलो, मॅनेजर म्हणतोय साहेबांचा हुकूम आहे. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन घातले, शिटी वाजली की बटण दाबा म्हणाले. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, “तुमचे कान फार चांगले आहेत. तक्रार नेमकी काय आहे?” मी म्हटलं, “समोरच्याचा दम ऐकू येत न्हाई.” त्यांनी मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजरनं छताकडं.

हॉटेलवर परत आलो तर बलजीतभाई गुडघ्याला पट्टे बांधून कॉटवर पडलेला. त्याला सगळं समजलं होतं, हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी. हसणं संपल्यावर मात्र म्हणाला, “कान छोड़. मैदान में कान किसी के नहीं चलते. मेरे भी नहीं चले कभी. आँख से सुन.” अन् मंग म्हणाला, “और एक बात. तू अभी भी पकड़ने जा रहा है. पकड़ेगा सोमबीर. तेरा काम है उसको रोकना.”

हे मला लागलं. गावाकडं माझं नाव होतं ते पुढं होऊन धरण्याचं. धरणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, न धरणाऱ्याला कोण घेणार? पण बलजीतभाईच्या बोलण्यात खोट नव्हती. अन् मला तिथं राह्यचं होतं. मी त्याचा टॅबलेट मागून घेतला अन् सरळ आवाज बंद करून चढायांचे व्हिडिओ बघायला बसलो. जेवताना तेच, मालिश चालू असताना तेच. सुरुवातीला पाय बघायचो, मंग डोळे. दोन्ही फसवतात. चढाईवाल्याचा धंदाच तो, पाय डावीकडं दाखवायचा अन् जायचं उजवीकडं. एक तर असा होता, की आत येताना मला डोळा मारायचा, अन् मी त्या डोळ्याकडं बघेपर्यंत त्याच्या अंगठ्यानं माझी नडगी शिवलेली असायची. सामना संपला की तोच येऊन माझ्या पायाची चौकशी करायचा, फार सज्जन माणूस.

एक दिवस असंच बघत असताना एका गड्याची जर्सी उडी मारताना वर गेली अन् मला त्याची बरगडीखालची बाजू दिसली. आमच्याकडं तिला कूस म्हणतात. मी व्हिडिओ मागं घेतला, परत बघितलं. मंग दुसऱ्या गड्याचा लावला. मंग तिसऱ्याचा. दम चालू असताना कूस सारखी हलते, भात्यासारखी. अन् उडीच्या किंवा लाथेच्या आधी, अगदी डोळा मिटून उघडावा एवढाच वेळ, ती थांबते. मी कॉटवर उठून बसलो. हे मला माहीत होतं! लहानपणी अप्पांबरोबर वाघुरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, उभा राह्यचो. उधळणारं मेंढरू कुठलं ते अप्पा आधीच ओळखायचे. मी तोंडाकडं बघायचो अन् अप्पा म्हणायचे, “तोंडाकडं काय बघतोस? कुशीकडं बघ. कूस थांबली की ते निघालं.” एवढी वर्षं कान लावून खेळलो अन् डोळ्याला शिकवलेलं विसरून गेल्तो.

आता मला समजलं म्हणून भागत नव्हतं, ते सोमबीरपर्यंत पोचवायचं होतं. त्याला मी सांगितलं, “मी हात दाबला की थांब. कितीही राग आला तरी. मी हात सैल सोडला की जा, मी मागं आहेच.”

“और तूने गलत दबाया तो?” सोमबीर म्हणाला.

“तर शिव्या दे.”

“वो तो दूँगा ही.”

नुसतं सांगून माणसाचं अंग ऐकत न्हाई, सवय लावावी लागते. म्हणून प्रॅक्टिसला जाताना बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो, मांडीवर टॅबलेट, आवाज बंद, अन् एकमेकांचा हात धरलेला. व्हिडिओत कूस थांबली की मी दाबायचो, पाय जड पडला की सैल. दोन रेड्यांसारखे गडी हातात हात घालून बसलेत म्हटल्यावर बाकीचे सोडतात काय! “तारीख निकाली क्या?” “बारात में बुलाओगे ना?” आमचा उजवा कोपरा मणी, मदुराईकडचा, त्याला धड हिंदी येत नव्हती, पण त्यानंही एक दिवस आमच्या डोक्यावर बिस्किटाचा चुरा टाकला, अक्षता म्हणून. सोमबीर चिडायचा, लाल व्हायचा, पण हात काढून घ्यायचा न्हाई. या गोष्टीसाठी मी त्याला आजही मानतो.

लगेच जिंकायला लागलो असं काही झालं न्हाई. एक सामना बराबर सुटला. पुढच्या सामन्यात मी दोनदा उशिरा हात सोडला, सोमबीर एकटाच घोटा धरून ओढत गेला अन् मध्यरेषेवर पडल्या पडल्या त्यानं कबूल केल्याप्रमाणे शिव्या दिल्या. त्यानंतरचा बरा गेला. कोचसाहेबांनी बोलावलेला दुसरा कव्हर निघालाय एवढं मात्र रोज कानावर यायचं.

तो आला ते नेमका सामन्याच्या दिवशी. उंच, देखणा, नवी कोरी जर्सी. मी अंग गरम करत असताना तो माझ्याच खुर्चीवर येऊन बसला, म्हणजे बाहेर बसायच्या माझ्या जुन्या खुर्चीवर. चांगला मुलगा होता, उठून हात मिळवला. मीही मिळवला. मला सरळ दिसलं, की आज जे होईल त्यावर उद्या त्या खुर्चीवर कोण ते ठरणार.

त्याच दिवशी दुपारी अप्पांचा फोन आल्ता. मेंढरं घेऊन ते जांब समर्थकडं गेल्ते, एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली. “हितले मालक म्हणतेत, ओट्यावर या, टीव्हीवर पोराला बघा,” अप्पा म्हणाले. “येऊ का जाऊन?” मी म्हटलं, “जा की अप्पा.” ते पहिल्यांदाच बघणार होते. मैदानावर मी त्यांना कधीच नेऊ शकलो न्हाई. दर साली सीझन आला की मेंढरं रानात बाहेर पडलेली असायची, अन् मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडून अप्पा कुठं गेलेत असं झालंच न्हाई. याची खंत मला अजून आहे.

सामना शेवटपर्यंत ओढला. कधी आम्ही पुढं, कधी ते. अन् शेवटी बराबरी. आमचे तिघं राह्यले, डाव्या कोपऱ्यात सोमबीर, त्याचा हात धरून मी, अन् उजवीकडं एकटा मणी. शेवटची चढाई त्यांची, अन् ती तिसरी चढाई होती. म्हणजे असं, की आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो. न्हाई आणला तर चढाईवालाच बाद अन् गुण आम्हाला. म्हणजे त्यानं एकालाही शिवलं की ते जिंकले. आम्ही त्याला धरलं, तर तिघांत धरल्याबद्दल अव्वल पकड, दोन गुण, अन् आम्ही जिंकलो.

चढाईला आला तो त्यांचा सगळ्यात मोठा गडी. पोस्टरवरचा. मी त्याच्या कुशीकडं बघून राह्यलो. हलत होती, हलत होती. तो आमच्या बाजूला आला, सोमबीरसमोर पाय नाचवला. मी हात दाबला. सोमबीर पुढं ओढत होता, मी सोडला न्हाई. मंग तो गडी मणीकडं गेला अन् तिथून उलटा वळला. वळताना त्याची पाठ माझ्याकडं झाली अन् त्याचा एक पाय अगदी माझ्यासमोर, हात लांबवला तर मांडी मिठीत येईल असा, ठेवून तो उभा राह्यला.

खोटं कशाला बोलू? मला मोह पडला. बाकावर तो नवा मुलगा बसलाय, ओट्यावर अप्पा बसलेत, अन् लीगमधला सगळ्यात मोठा गडी माझ्यासमोर पाठ करून उभा. ही पकड झाली असती तर मला तिथून कोण उठवणार होतं? माझी बोटं सैल व्हायला लागली होती. तेवढ्यात जर्सीखाली त्याची कूस दिसली. थांबलेली.

मी सोमबीरचा हात मनगटापाशी असा आवळला, की त्याच्या तोंडून आवाज निघाला. तो निघालाच होता, त्याला मी खेचलं, दोघं मागं गेलो अन् त्याच क्षणी त्या गड्याची लाथ मागं आली. सोमबीरचा गुडघा जिथं होता तिथून ती सपकन गेली. वारा लागला मला. गडी फिरला, परत आत घुसला, आम्ही परत मागं, शेवटच्या रेषेला टाचा लागायला आल्या. हात सुटला न्हाई. अन् चढाईची अर्ध्या मिनिटाची वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

त्यांनी लगेच दाद मागितली, पाय लागला म्हणून. मोठ्या पडद्यावर ती लाथ परत परत दाखवली, हळू, अजून हळू. बूट अन् सोमबीरचा गुडघा यांच्यामधे फट होती. बारीक, पण होती. गडी बाद, गुण आमचा, सामना आमचा.

मंग जो गोंधळ झाला त्यात आम्हाला कुणी विचारलंच न्हाई. कॅमेरे आमच्या चढाईवाल्यांमागं पळाले, निवेदक म्हणाला प्रतिस्पर्धी खेळाडूनं शेवटची संधी वाया घालवली. बक्षीस दुसऱ्यालाच. त्या सामन्याचा तक्ता निघाला त्यात माझ्या नावापुढं पकडी शून्य. न धरलेल्याचा हिशोब कुठं लिहीत न्हाईत. सोमबीर मॅटवर बसून मनगट चोळत होता. माझी बोटं त्यावर लाल उमटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिसला कोचसाहेबांनी सगळ्यांना उभं केलं. मी आपल्या जागेवर जाऊन उभा राह्यलो, म्हटलं उठवायचं असेल तर उठवतील. साहेबांनी नव्या मुलाला हाक मारली. सोमबीरनं आपलं मनगट वर करून साहेबांना दाखवलं. रात्रीतून ते निळं झालं होतं. साहेबांनी मनगट बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् त्या नव्या मुलाला म्हणाले, “इसके दूसरी तरफ खड़ा हो. इसका हाथ पकड़. जब दबाए, रुक. जब छोड़े, जा.”

बस, एवढंच. मी तिथून पुढं काही वर्षं दोन्हीकडच्या गड्यांचे हात धरून मधे उभा राह्यलो.

अप्पांचा फोन दुपारी आला. त्यांच्या मोबाईलची चार्जिंग संपल्ती, म्हणून उशीर. पहिल्यांदा बराच वेळ पाण्याचं, रानाचं बोलले. मी वाट बघून राह्यलो. शेवटी मीच विचारलं, “बघितला काय सामना?”

“बघितला की. समदे बसले व्हते वट्यावर,” अप्पा म्हणाले. “मालक म्हणले, तुमच्या पोरानं काहीच केलं न्हाई, नुसतं हुबं ऱ्हायलं.”

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

“म्या म्हणलं, मालक, तिकडं काय बघता? त्याच्या हाताकडं बघा.” मंग म्हणाले, “लई गच धरलं व्हतं रे. सुटलं अस्तं तर गेलंच व्हतं ते पोरगं.”

अप्पा दोनदा ‘हालू, हालू’ म्हणाले, मंग मागून मेंढरांचा गलका ऐकू आला अन् ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे, निघाली बघ ही. ठिवतो.”